आईला दवाखान्यात नेलंय

आमच्याकडं माणूस मेलं की आधी फ्लेक्स येतो, मग लाकडं. माझी बायको गेली त्या दिवशी मी तिला ॲम्ब्युलन्समधनं घराकडं घेऊन निघालो, तर शेळगावच्या फाट्यावर ती माझ्याआधी पोचलेली. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधी तिचा फोटो. कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतनं कापून काढलेला, शेजारच्या बाईचा खांदा तसाच राहिलेला. खाली माझ्या धाकट्या भावाचा फोटो, हात जोडलेला, तिच्यापेक्षा ठळक. त्याखाली शोकाकुल म्हणून भाऊ, पुतण्या आणि भावाचं मित्रमंडळ. त्या मित्रमंडळातल्या एकालाही ती रस्त्यात भेटली असती तर ओळखू आली नसती. आणि तिच्या एकुलत्या एका पोराचं नाव कुठंच नव्हतं.

नंतर म्हणाले, घाईत राहून गेलं. मित्रमंडळ राहिलं नाही, पोरगं तेवढं राहिलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिताना काना-मात्रा चुकल, पण त्या दिवशी शिकल्यासवरल्या माणसांनी जे केलं ते चौथीतल्या माणसानं लिहिलं तरी पुरे आहे.

पोरगं आता चाळिशीच्या पुढं गेलंय. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. डॉक्टरांनी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा मला एखाद्या खताचं नाव वाटलं. गावाला ह्या शब्दाची गरज पडली नाही. गावाकडं एक जुना शब्द आहे, अडीच अक्षरांचासुद्धा नाही, आणि तो सगळ्यांना पुरतो.

बारामतीला कॉलेजला होता तेव्हा सुरू झालं. एसटीनं जायचा, यायचा. हळूहळू जायचा थांबला. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, हळू बोला, ऐकतायत. विहिरीवर मोटरीची खोली आहे आमची, त्या खोलीत बसून कुणीतरी त्याचं नाव घेतंय म्हणायचा. आणि विहीर आम्हा दोघा भावांत सामायिक, म्हणून पुढं म्हणायला लागला की काका पाण्यात काहीतरी घालतो. घरातलं पाणी पिईना. कालव्याकाठी राहून ह्याच्या ओठांना भेगा पडल्या.

मग शहाण्या माणसांची रांग लागली. पहिला माझा भाऊच. त्यानं एका देवऋषाकडं नेलं. देवऋषानं लिंबू कापलं, डोळे पांढरे केले आणि म्हणाला, तुमच्या विहिरीत बाई बुडालीय. ती विहीर आमच्या डोळ्यांदेखत खणलेली. तिच्यात बेडूक बुडाला नव्हता, बाई कुठली बुडते. पण भावकी माना हलवत परत आली. एकानं तर त्या बाईचं गावही सांगितलं.

त्यानंतर आले लग्नवाले. ह्यांचं औषध ठरलेलं. पोरगं दारू पितंय, लग्न करा. पोरगं कामाला जात नाही, लग्न करा. पोराला भलतंसलतं ऐकू येतंय, लग्न करा. सणसरकडचं एक स्थळ पार बैठकीपर्यंत आणलं होतं. पोरगी गरीब घरची, बाप नाही, म्हणजे विचारणारं कुणी नाही. मध्यस्थ पान खात म्हणाला, "वैनी, बायकू आली की समदं आवाज बंद हुत्यात. आमचं न्हाय का झालं?"

बायको आतनं च्या घेऊन येत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"भावजी, कुणाची पोरगी मी औषध म्हणून आणायची व्हय? आन तिला रोग लागला मंग तिला काय पाजायचं?"

"तसं न्हाय वैनी..."

"च्या घ्या आन निगा. गार हुतोय."

बैठक तिथंच मोडली. त्या दिवसापास्नं भावकीत ती तोंडाळ ठरली. तोंडाळ होतीच. मला तिच्या तोंडाचा त्रास कधी झाला नाही, कारण ते बहुतेक दुसऱ्यांवर चालायचं.

शेवटी बारामतीच्या एका डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मुलाला आवाज येतात ते सोंग नाही, त्याला खरोखर ऐकू येतात, मेंदूचा आजार आहे, गोळ्या कायम लागतील, साखरेच्या आजाराला लागतात तशा. मला निम्मं कळलं. येताना एसटीत बायको म्हणाली, "आवं, कारखान्याचं गाळप बंद आसतं तवा बी आपल्याला कदीमदी भोंगा वाजल्यागत वाटतं का न्हाय?"

"वाटतं की."

"त्याचं तसंच हाय. फक्त त्याचा भोंगा बोलतो."

एवढं तिला कळलं आणि ते तिला पुरलं. त्यापुढं तिचा एकच कायदा होता, त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. आवाज येतोय म्हणाला तर होला हो करायचं नाही, आणि खोटारडा आहेस असंही म्हणायचं नाही. हे वाचायला सोपं वाटतं. करून बघा. तो रोज म्हणायचा, "आई, ते सांगतंय आज काकानं टाकीत घातलंय." ती म्हणायची, "मला न्हाय बाबा ऐकू येत. तुला येतंय ते मला कळतंय. थांब, मी पिऊन बघती." मग तांब्या तोंडाला लावून घोट घ्यायची, पदरानं तोंड पुसायची. "जित्ती हाय का मी? हाय न्हवं? घे आता." तो तिच्याकडं जरा वेळ बघायचा आणि प्यायचा.

वर्षानुवर्षं हे चाललं. पाण्याच्या प्रत्येक तांब्याला. आणि प्रत्येक वेळी वर जोडायची, "काका मोठ्या तोंडाचा हाय, पर इख घालणारा न्हाय." ज्या दिराचा तिला सगळ्यात राग, त्याचीच वकिली तिनं पोरापुढं जन्मभर केली. भावाला हे माहीत नाही. सांगून उपयोग नाही, ते तो पुढच्या फ्लेक्सवर छापून घेईल.

गोळ्यांनी आवाज गेले नाहीत, लांब गेले. पोरगं कामाला लागलं. आमची पेरूची बाग आहे. फळ लिंबाएवढं झालं की त्याला फोमची जाळी आणि वरनं पिशवी घालावी लागते, नाहीतर माशी डंख मारते. हे काम दोघं मायलेक करायचे. तो एका ओळीत, ती दुसऱ्या ओळीत. हात थरथरायचा त्याचा, गोळ्यांनी, पण पिशवी नीट घालायचा. मधी एकदा बरं वाटायला लागलं म्हणून त्यानं गुपचूप गोळ्या सोडल्या आणि मोटरीच्या खोलीचे पत्रे उचकटले, आत कोण बसलंय ते बघायला. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुरुवात. गोळ्यांनी अंगाला सुस्ती येते, सकाळी उशिरापर्यंत झोपतो. त्यावरही गावाला बोलायचं असतंच. "काय आबा, युवराज उठले का?" असं विचारणारे स्वतः दिवसभर पाराला टेकून असतात. त्यांच्या झोपेला कुठली गोळी लागत नाही.

एका पावसाळ्यात बायको क्रेट घेऊन बांधावरनं घसरली आणि नडगी मोडली. ऑपरेशन करून आत लोखंडी पट्टी बसवली, स्क्रू मारून. पोरगं तेव्हा दवाखान्यातनं हललं नाही. एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून धरून बघायचं. "आई, तुझ्यात फाटकाची बिजागरी बसवलीय," म्हणायचं. तीही थंडीत पाय दुखला की म्हणायची, "बिजागरी गंजली रं." मायलेकांचा तेवढा एक विनोद होता, पण वर्षानुवर्षं पुरला.

आता त्या दिवसाचं.

उजाडता ती बागेत गेली, पिशव्या घालायला. मी जनावरांचं बघत होतो. ओळीच्या मधी खाली बसलेली दिसली. वाटलं, पाय दुखतोय. जवळ गेलो तर छातीवर हात. भावाच्या गाडीत घालून बारामती गाठली. आत नेली आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आणायच्या आधीच गेल्यात. मी तिथंच बाकड्यावर बसलो. कागद, सह्या, ॲम्ब्युलन्स, सगळं पुतण्यानं बघितलं. भाऊ पुढं गाडी घेऊन घरी गेला, तयारी करायला. मला वाटलं, तयारी म्हणजे लाकडं आणि भटजी. त्याची तयारी निराळीच होती.

घरी आणली. अंगण भरलेलं. मी पहिल्यांदा पोरगं शोधलं. आत नाही, गोठ्यात नाही.

"पोरगं कुठाय?"

भाऊ जवळ आला, खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर हात ठेवायची त्याला सवय आहे, पुढाऱ्यांकडनं उचललेली. "दादा, त्याला बारामतीला, जळोचीच्या आमच्या फ्लॅटवर ठिवलाय. सूनबाई हाय तितं. काळजी करू नगं."

"त्याला सांगितलं का?"

"सांगून काय करायचं? त्याला झेपणार हाय का? हितं पाव्हणं, समदी माणसं... काय करून बसला तर? म्हणलं, आईला दवाखान्यात ॲडमिट केलंय, चल तुला न्हेतो. आला गपगुमान."

आला गपगुमान. येणारच. आईला ॲडमिट केलंय म्हटल्यावर कुठलं पोरगं येणार नाही? मी बारामतीत त्याच्या आईपाशी बाकड्यावर बसलो होतो तेव्हा हा पोराला त्याच बारामतीत ठेवून परत गेलेला. मायलेकरं एका गावात होती आणि मला पत्ता नव्हता.

"त्याला आण," मी म्हणालो. "तिला तवर उचलायची न्हाय."

मग सगळी शहाणी माणसं माझ्याभोवती गोळा झाली. आबा, उन्हं कलतायत. आबा, लांबलांबचे पाव्हणे थांबलेत. आबा, साहेब वेळ काढून आलेत. साहेब कोण ते मला अजून माहीत नाही, पांढऱ्या कपड्यातला एक माणूस मोबाइल बघत खुर्चीवर होता. भावानं फोन लावला, चार पावलं लांब जाऊन बोलला आणि आला. "झोपलाय म्हणत्यात. गोळी घिऊन झोपलाय. आता उठवून आणायचा म्हंजी..."

गोळी घेऊन झोपतो हे खरं होतं, म्हणून ते मला पटलं. मी नको होतं पटवून घ्यायला. तिला उचलली.

आमच्यात मयताच्या पुढं विस्तवाचं मडकं धरून पोरगं चालतं. पोराचा मान तो. पोरगं नसेल तर पुतण्या. पुतण्या आंघोळ करून, उघड्या अंगानं तयार उभा होता, मडक्याची दोरी हातात घेऊन. म्हणजे हे सकाळीच ठरलेलं. मी त्याच्या हातातनं दोरी घेतली.

"दादा, नवरा न्हाय धरत," भाऊ म्हणाला.

"पोरगं आसताना पुतण्या बी न्हाय धरत."

मीच धरलं. माझ्या वयाला वाकून चालताना निखाऱ्याचा धूर तोंडात जात होता आणि मागं बायका कुजबुजत होत्या की म्हातारा पण फिरला. अग्नी मीच दिला. तिकडं साहेबांनी माइकवर श्रद्धांजली वाहिली. माउली होत्या म्हणाले. कष्टाळू, मनमिळाऊ. मनमिळाऊ ती अजिबात नव्हती. तिचं गुणगान करायचं तर निदान तिचं करावं, दुसऱ्या बाईचं का करता?

लाकडं पेटलेली असतानाच माझा फोन वाजला. पुतण्याची बायको, जळोचीहून. रडत होती.

"आबा, त्यो दुपारपास्नंच न्हाय हितं. मी मामंजींना तवाच सांगितलं फोनवर. ते म्हणाले, कुणाला बोलू नगं, सापडंल. मला त्याच्याशी खोटं बोलाया लावलं आबा. त्यो सारखा इचारत हुता, कुठल्या दवाखान्यात, किती वाजता सोडत्यात भेटायला."

मी भावाकडं बघितलं. तो साहेबांना गाडीपर्यंत सोडायला निघाला होता.

स्मशानातनं आंघोळ न करता घरी जाऊ नये म्हणतात. मी घरी गेलोच नाही. शेजारच्या एका पोराची भाजीची पिकअप होती, तीत बसलो आणि बारामती गाठली. फ्लॅटवर गेलो नाही. विचार केला, त्याला काय सांगितलंय? आई दवाखान्यात आहे. मग तो कुठं जाईल? ज्याच्या आईला दवाखान्यात ठेवलंय तो माणूस दवाखान्यात जातो. ह्याला डोकं लागत नाही. इकडं भाऊ आणि त्याचं मित्रमंडळ स्टँड, पूल, रेल्वेचे रूळ शोधत फिरत होते, वेडा माणूस कुठं जातो ते आठवून आठवून.

जिथं त्याच्या आईचं पायाचं ऑपरेशन झालं होतं त्या दवाखान्याच्या गेटपाशी कट्ट्यावर तो बसला होता. दिवे नुकतेच लागलेले. मांडीवर पिशवी. वॉचमन मला बघून म्हणाला, "आबा, तुमचं हाय का हे? दुपारधरनं बसलंय. आई आत हाय म्हणतंय. दोनदा बघून आलो, त्या नावाची बाईच न्हाय आत. जरा डोक्यानं..." आणि त्यानं बोट कपाळाशी फिरवलं.

पिशवीत मी नंतर बघितलं. तिचा चष्मा, स्वेटर, टॉवेल, आणि तिचा पाणी प्यायचा तांब्या. घरातनं निघताना त्यानं भरून घेतलं होतं. सगळं गाव त्या दिवशी धावपळ करत होतं, त्यात दवाखान्यातल्या माणसाला काय काय लागतं ह्याचा विचार एकट्या ह्यानं केला. आणि बोट कपाळाशी ह्याच्याकडं बघून फिरतं.

मी शेजारी बसलो. पिकअपवाल्यानं पाण्याची बाटली दिली, ती मी त्याच्यापुढं केली. तो नुसता बघत राहिला. मग माझ्या ध्यानात आलं. मी आधी घोट घेतला. मग त्यानं घेतली, घटाघटा प्याला. दुपारपास्नं प्यालाच नव्हता.

"आबा, हे आईला भेटू दीनात."

"आई हितं न्हाय."

"मंग कुठल्या दवाखान्यात हाय?"

"कुठल्याच न्हाय. आई सकाळी गेली. मेली. मी आत्ता तिला जाळून आलो."

मला गोड करून सांगता येत नाही. आणि गोड करून सांगणाऱ्यांनीच ही वेळ आणली होती. तो माझ्या कपड्यांकडं बघत होता. अंगाला धुराचा वास होता.

"काका म्हणला, ॲडमिट हाय."

"काका खोटं बोलला."

त्यानं पिशवी छातीशी ओढली. मग हळू म्हणाला, "मी सांगत हुतो आईला. त्यो खोटा हाय म्हणून सांगतच हुतो. मोटरीतलं पण हेच सांगत हुतं."

तेव्हा मला भावानं काय केलंय ते पुरतं कळलं. तिनं तांब्या तांब्यानं जमवलेलं होतं ते सगळं ह्यानं एका वाक्यात सांडलं. मोटरीतला आवाज वीस वर्षांहून जास्त काळ एकच गोष्ट सांगत होता आणि ती खोटी असल्याचं आम्ही पोराला पटवत आलो होतो. आता आवाज खरा ठरला आणि आम्ही खोटे. हे त्या आवाजाला स्वतःच्या बळावर कधी जमलं नसतं, त्याला शहाण्या माणसाची मदत लागली.

"मला आई दाखवा," तो म्हणाला.

"राख हाय रं आता."

"राख कुणाची बी आसती."

त्याचं बरोबरच होतं. सकाळी ॲडमिट म्हणणारी माणसं, संध्याकाळी राख म्हणणारी माणसं. कशावर विश्वास ठेवावा त्यानं?

घरी आणला. घरातलं पाणी शिवेना. मी पिऊन दाखवलं तरी नाही. माझा घोट तिच्या घोटासारखा चालेना. दुकानातनं सीलबंद बाटल्या आणल्या, त्या सील बघून बघून प्यायचा. गोळ्या मात्र स्वतःच्या हातानं घेतल्या, आईनं लावलेली सवय. रात्री तो अंगणात, मी उंबऱ्यात. कोपऱ्यात बायका बोलायच्या, आई मेली तरी डोळ्यात टिपूस नाही, काळीज नसतं ह्यांना. कुणाच्या मरणावर रडायचं? त्याच्या हिशेबी आई कुठंतरी लपवलेली होती, आणि लपवणारे अंगणात बसून च्या पीत होते.

तिसऱ्या दिवशी सावडायचं होतं, म्हणजे राख गोळा करायची. मी त्याला म्हणालो, चल. भाऊ आडवा आला. "दादा, आता त्याला कशाला? समद्यांदेखत काय झालं तर?"

"समद्यांनी नगं यायला मंग."

पोरगं माझ्या मागं आलं. राखेवर पाणी, दूध शिंपडलं. माणसं अस्थी वेचायला वाकली. तो लांब उभा, छातीवर हात बांधून, बघत होता. भावानं काठीनं राख सारली आणि काहीतरी खणकन वाजलं. काळी पडलेली वीतभर पट्टी, दोनतीन स्क्रू तिच्यातच अडकलेले.

"लोखंड हाय, फेका बाजूला," भाऊ म्हणाला. "हे पाण्यात सोडत न्हाईत." आणि काठीनं ती उडवून दिली.

ती पट्टी पोराच्या पायापाशी येऊन पडली. त्यानं उचलली. गरम नव्हती. शर्टानं पुसली, उलटी केली, स्क्रूवरनं अंगठा फिरवला. मग खाली बसला आणि स्वतःची पँट वर सारून ती पट्टी नडगीवर धरली, गुडघ्याच्या खाली, बरोबर तिच्या होती त्या जागी.

"आबा," तो म्हणाला, "बिजागरी."

"व्हय."

"आईच हाय मंग ही."

"आईच हाय."

तेव्हा तो रडला. तिथंच राखेत बसून, मोठ्यानं, आई म्हणून. मी त्याला हात लावला नाही. लोक दोन पावलं मागं सरले. आणि माझा भाऊ दबक्या आवाजात पुतण्याला म्हणाला, "धरा रं त्याला, झटका आलाय."

मी आयुष्यात बरंच ऐकलं. दोन दिवस रडला नाही तर म्हणाले, काळीज नाही. आई गेल्याचं कळल्यावर रडला तर म्हणाले, झटका आला. ह्यांच्यापुढं निरोगी ठरायचं तर माणसानं नेमकं काय करायचं? मोबाइल बघत खुर्चीवर बसायचं का?

पुतण्या पुढं झाला, माझ्याकडं बघून थांबला. पोरगं रडून थांबल्यावर उठलं आणि त्यानं राख भरायला सुरुवात केली. ओंजळ ओंजळ. सावकाश. कुणी घाई कर म्हणालं नाही. भावानं गाडी ठरवली होती, संगमावर राख सोडायला, बरोबर फोटोवाला. मी म्हणालो, गाडी परत पाठव. राख आम्ही बागेत नेली आणि ती ज्या ओळीत खाली बसली होती तिथं पेरूच्या बुडाला मुरवली. तिच्या त्या ओळीत निम्म्या फळांना पिशव्या होत्या, निम्मी उघडी. पोरगं बघत राहिलं आणि मग फोमच्या जाळ्यांचं पोतं घेऊन आलं.

दहाव्याला परत माइक होता. मी गेलो, बसलो, आलो.

त्यानंतर फाट्यावरचा फ्लेक्स मी उतरवून आणला. चांगला जाड होता. क्रेटच्या खाली अंथरायला झाला, छापील बाजू खाली करून. परवा भाऊ बागेत आला तर पहिल्यांदा तेच त्याच्या नजरेत आलं. एक कोपरा उलटला होता आणि त्याचे जोडलेले हात दिसत होते.

"दादा, निदान घडी घालून ठिवायचा."

"जमिनीच्या वलीला बरा हाय. फुकट गेला आसता."

तो क्रेटवर बसला. पोरगं लांब ओळीत पिशव्या घालत होतं. त्याच्याकडं बघत भावानं आवाज खाली केला. एक संस्था आहे म्हणाला, अशा लोकांची. जेवण, औषध, सगळं. ओळख आहे त्याची.

"तुझं वय बघ दादा. आज तू हायस. तू गेल्यावर काय?"

हा प्रश्न त्यानं विचारला म्हणून खोटा होत नाही. बायको माझ्याआधी गेली, मी पोराच्या आधी जाणार. संस्था चांगलीही असेल. मी डॉक्टरांना विचारणार आहे, पोरालाही विचारणार आहे, कारण राहायचं त्याला आहे. ह्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही, आणि गावात ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडनं मला ते नको. पण भावाला त्या वेळी सांगण्यासारखं माझ्याकडं एक होतं.

"मी गेल्यावर काय ते हुईल. तू एक कर. मी मेलो की त्याला जागा कर आन सांग, आबा मेला. दवाखान्यात हाय म्हणू नगं, झोपलाय म्हणू नगं. मेला म्हण. आन मडकं त्याच्या हातात दे."

भाऊ चप्पल झटकून उठला.

पोरगं ओळ संपवून आलं. मी टाकीतनं पाणी काढलं, तिच्याच तांब्यात. एक घोट घेतला, त्याच्यापुढं धरला. त्यानं तांब्या घेतला, आत बघितलं, मग वाटेनं पाठमोऱ्या चाललेल्या काकाकडं बघितलं. आणि तांब्या तसाच परत माझ्याकडं दिला.

"आजून एकदा प्या," तो म्हणाला.

मी प्यालो.